ओव्हरफ्लोच्या नळीचा जोड ठिबकतोय: आवळू, बदलू की काही थापू?

निळीखाडी
नमस्कार मंडळी. इथल्या जाणकारांची मदत हवी आहे.

खाऱ्या पाण्याची टाकी, १२० × ४५ × ५५ सेंमी. कोपऱ्यात ओव्हरफ्लोची पेटी, टाकीतलं जास्तीचं पाणी तिच्यात सांडतं. तिच्या तळाला बल्कहेड, म्हणजे भोकात गॅस्केट (रबरी चकती) दाबून बसवलेला जोड, आणि त्यात वरून एक उभी नळी. बल्कहेडच्या खालच्या तोंडात आट्यांचं होज निप्पल (नळी चढवायचं खाचांचं तोंड) बसवलंय आणि त्यावर १ इंची पारदर्शक पीव्हीसी नळी चढवलीय. ती कपाटातल्या संपमध्ये, म्हणजे खालच्या टाकीत उतरते आणि तिथून पंप पाणी परत वर चढवतो. नळीच्या शेवटाला बॉल व्हॉल्व्ह आहे. तो थोडा बंद ठेवतो, म्हणजे नळी पूर्ण भरून वाहते आणि खळखळाट होत नाही. पेटीत आणीबाणीसाठी दुसरी उभी नळीही आहे, ती कोरडीच असते.

तर, निप्पल आणि नळीच्या जोडातून ठिबकतंय. साधारण तीन सेकंदांना एक थेंब. क्लिपवर मिठाचं पांढरं पीठ साचलंय. क्लिप आवळली की थांबतं आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू होतं. आता स्क्रू पुढे फिरेनासा झालाय.

जाड क्लिप घ्यावी, टेफ्लॉन टेप गुंडाळावी की बाहेरून सिलिकॉन लावून टाकावं? आणि टाकी रिकामी न करता हे जमेल का? आत प्रवाळ आहेत, त्यांना हलवायचं जिवावर आलंय.

झटपटराव
सिलिकॉन थापा आणि मोकळे व्हा. मत्स्यालयाचं मिळतं ते, बाथरूमचं नको. २४ तास सुकू द्या. एवढ्याशा थेंबासाठी काय एवढं.

कानसकरवत
झटपटराव, बाथरूमचं नको हे बरोबर. त्यात बुरशीनाशक असतं आणि ते माशांना सोसत नाही. पण बाकी सल्ल्याला माझा कडाडून विरोध.

सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, पीव्हीसीला धरत नाही. वरवर चिकटल्यासारखं वाटतं, नखाने ओढलं की साल निघावी तसं सबंध निघून येतं. त्यात नळी मऊ, हलती आणि जोड ओला. पाणी आतून येणार आणि थापलेल्या थराखालून सरकत दुसरीकडे बाहेर पडणार. मग गळती तर राहीलच, वर ती नेमकी कुठे आहे हेही कळणार नाही.

निळीखाडी, आधी एक हिशोब बघा. बल्कहेडच्या वर पाणी किती उभं आहे? फार तर ४५-५० सेंमी. म्हणजे त्या जोडावर ५ किलोपास्कलच्या आतबाहेर दाब. गाडीच्या टायरात याच्या ४०-५० पट असतो. इतक्या मामुली दाबाला नळी नुसती नीट चढवली तरी पाणी अडायला हवं. क्लिप पिळून स्क्रू संपला तरी गळतंय, याचा अर्थ आवळण्यात काही कमी नाही. नळी आणि निप्पल जिथे एकमेकांना टेकायला हवेत तिथे ते टेकत नाहीत. का टेकत नाहीत ते शोधा, क्लिपचा नाद सोडा.

पण त्याआधी, गळती तिथलीच आहे हे पक्कं आहे का? थेंब खाली दिसतो, निघालेला असतो वरून. तुमच्याकडे एकाखाली एक तीन जोड आहेत: बल्कहेडचं गॅस्केट, निप्पलचे आटे आणि नळी. वरच्या दोघांपैकी कुणीही गळलं तरी पाणी ओघळत क्लिपपाशीच येऊन लोंबणार.

पंप बंद करा. ओव्हरफ्लो वाहायचा थांबेल, नळी रिकामी होईल, पण पेटीतलं पाणी उभ्या नळीच्या तोंडापर्यंत तसंच राहील. म्हणजे गॅस्केटवरचा दाब जवळपास कायम आणि आटे व नळी मात्र कोरडी. अशा वेळी ठिबकणं चालू राहिलं तर दोषी गॅस्केट. थांबलं तर गॅस्केट निर्दोष.

पाणवठा
+१. यात भर: थांबलं तर पुढची चाचणी टिश्यूची. सगळं पुसून खडखडीत कोरडं करा, मिठाचा कणही ठेवू नका. एक टिश्यूची पट्टी निप्पलच्या षटकोनी डोक्याभोवती, आट्यांच्या लगेच खाली गुंडाळा. दुसरी नळीच्या काठाखाली, क्लिपच्या खालच्या अंगाला. पंप चालू करून टॉर्च घेऊन बसा. वरची आधी भिजली तर आटे, वरची कोरडी राहून खालची भिजली तर नळी. बोटाने चाचपू नका. ओल्या हाताला सगळंच ओलं लागतं.

मीठभाकर
मला काळजी वेगळीच वाटतेय. निळीखाडी, ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) आहे का? असेल तर आधी पाण्याचं खारेपण मोजा.

बाष्पीभवनात फक्त पाणी जातं, मीठ टाकीतच राहतं, म्हणून आपण गोडं पाणी भरतो. गळतीत मात्र पाण्याबरोबर मीठही जातं. टॉप-ऑफच्या फ्लोटला हा फरक कुठून कळणार? पातळी उतरली की तो गोडं पाणी ओततो. तीन सेकंदांना एक थेंब आणि २० थेंबांचा १ मिली धरला तर दिवसाला जवळपास दीड लिटर होतं. संपसकट २८० लिटर पाणी धरलं, तर रोज अर्धा टक्का मीठ कमी. महिनाभर चाललं तर हजारी ३५ चं खारेपण ३० वर येतं. टाकीची पातळी हललेली दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

निळीखाडी
बाप रे. मीठभाकर, आत्ता मोजलं. विशिष्ट घनता १.०२३! मी १.०२६ ठेवतो. दोन प्रवाळ गेले काही दिवस मिटून बसलेत, मी दिव्यांना दोष देत होतो.

पंप बंद केल्यावर थोड्या वेळाने ठिबकणं थांबलं. म्हणजे गॅस्केट निर्दोष सुटलं. टिश्यू लावल्यात, कळवतो.

मीठभाकर
एकदम मीठ घालू नका हं. टॉप-ऑफच्या टाकीत काही दिवस गोड्याऐवजी खारं पाणी भरा, बाष्पीभवनाच्या गतीने आपोआप हळूहळू चढेल. रोज मोजत राहा आणि १.०२६ ला पोचलं की पुन्हा गोडं सुरू करा. यात विसरभोळेपणा चालणार नाही, थांबवायचं राहिलं तर उलट बाजूला जाल.

आटेदार
थोडं अवांतर वाटेल, पण आट्यांवर संशय आलाच तर लक्षात असू द्या. आट्यांची दोन कुळं बाजारात फिरतात, बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन). एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. गंमत अशी की अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हीकडे इंचाला १४ च आटे, त्यामुळे एकात दुसरा सहज फिरतो, घट्टही वाटतो आणि मग जन्मभर पाझरतो. १ इंचात एकाचे ११ आणि दुसऱ्याचे साडेअकरा, तिथे दोन-तीन फेऱ्यांत अडकून तो निदान सांगतो तरी. बल्कहेड एका ठिकाणचं आणि निप्पल दुसऱ्या ठिकाणचं घेतलं की हा घोळ हमखास होतो.

टेपबद्दल: ती निप्पलच्या आट्यांवर गुंडाळायची. आट्यांचं मोकळं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, दोन-तीन वेढे. उलट गुंडाळली तर फिरवताना चोळामोळा होऊन बाहेर येते. बल्कहेडच्या मोठ्या नटाच्या आट्यांवर टेप लावणारेही पाहिलेत. त्या आट्यांना पाणी अडवायचं कामच नसतं, ते फक्त गॅस्केट दाबतात. आणि नळीखाली, निप्पलच्या खाचांवर टेप लावायची नाही. नळी घसरायला मदत होते, बस.

निळीखाडी
निकाल: वरची टिश्यू रात्रभर कोरडी. खालची भिजून लोळागोळा. म्हणजे नळीच.

झटपटराव
मी आधीच म्हणालो होतो नळीच म्हणून.

कानसकरवत
तुम्ही सिलिकॉन म्हणाला होतात. 🙂

निळीखाडी, आता नळी काढावी लागेल. घाबरू नका, टाकी रिकामी करायची गरज नाही. पंप बंद केलात की पेटीतलं पाणी उभ्या नळीने अडवलेलंच असतं. नळीतलं उरलंसुरलं पाणी बादलीत घ्या. फक्त आधी एवढं बघा की पंप बंद झाल्यावर खाली येणारं पाणी संपमध्ये मावतंय. १२० × ४५ च्या टाकीत पातळी २ सेंमी उतरली तरी १०.८ लिटर खाली येतं. तुमचा संप तेवढं घेतो हे एव्हाना तुम्ही पाहिलेलं असेलच. टाकीत एक वेव्हमेकर (पाणी ढवळणारा छोटा पंप) चालू राहू दे म्हणजे आतल्यांना प्राणवायू मिळेल. संपमधली उपकरणं मात्र प्लगासकट काढा आणि मगच हात घाला.

नळी काढताना पिळू किंवा हिसडू नका. ती निघत नसेल तर लांबीच्या दिशेने ब्लेडने चिरा, पण पातं निप्पलला लागू देऊ नका. निप्पलवर एक आडवीतिडवी रेघ ओढली गेली की तीच नवी गळती. दुसऱ्या हाताने निप्पल स्थिर धरा, नाहीतर वरचं बल्कहेड फिरतं, गॅस्केट सरकतं आणि बरा असलेला जोडही दुखणाईत होतो.

काढल्यावर नळीचं टोक आणि निप्पल दोन्ही नीट बघा आणि जे दिसेल ते इथे लिहा.

पाणवठा
बघताना या गोष्टींवर नजर ठेवा. नळी पिवळी आणि कडक झालीय का? पारदर्शक पीव्हीसी मऊ राहते ती त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. तो वर्षांगणिक निघून जातो, मग नळी क्लिपखाली दबायची बंद होते. आणि नवी असते तेव्हा उलटी तऱ्हा: मऊ पीव्हीसी दाबाखाली हळूहळू सरकते. क्लिप आवळली की थांबतं आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू होतं, त्याचं कारण हेच. क्लिप सैल होत नाही, तिच्याखालचं प्लास्टिक बाजूला निघून जातं.

दुसरं, निप्पलच्या खाली नळी लगेच वळतेय का? वळणावर नळी गोल राहत नाही, लंबगोल होते आणि ते चपटेपण जोडापर्यंत पोचतं. गोल निप्पलवर लंबगोल नळी, वर कितीही चांगली क्लिप. कसं बसणार?

निळीखाडी
काढली. सविस्तर लिहितो.

नळीचं टोक कडक आहेच, शिवाय कर्ण्यासारखं पसरलंय. निप्पलवरून काढल्यावरही आकसलं नाही. क्लिपच्या पट्ट्यातल्या चिरांमधून नळीचं प्लास्टिक चक्क वर आलंय, किसणीवर दाबल्यासारखं. आणि क्लिपच्या स्क्रूखाली, जिथे पट्टा एकावर एक चढतो, तिथे नळीवर एक सपाट पट्टा राहिलाय, दाबाची खूणच नाही.

पाणवठा, वळणाचं तुमचं म्हणणं बरोबर निघालं. नळी आखूड आहे. निप्पलखाली चार बोटांवर ती कपाटाच्या मधल्या फळीला चुकवायला वळते आणि एका बाजूला ओढ देते. पसरलेलं टोक कापून पुन्हा चढवावं म्हटलं तर आणखी आखूड होईल.

निप्पलवर मात्र मला काही दिसत नाही. स्वच्छ आहे.

कानसकरवत
निप्पल दिव्यासमोर आडवं धरा आणि नखाचं टोक गोल फिरवा. लांबीच्या दिशेने नाही, गोल. कुठे अडकतंय का?

निळीखाडी
अडकतंय! दोन ठिकाणी, समोरासमोर. एक बारीक उभी रेघ, वरच्या खाचेपासून तोंडापर्यंत. एका बाजूला जरा जास्तच वर आलीय. डोळ्यांना दिसत नव्हती.

कानसकरवत
ती साच्याची शिवण. प्लास्टिकचं निप्पल दोन अर्धुकांच्या साच्यात ओततात. साचा जिथे मिटतो तिथे ती रेघ राहते. खाचा नळीला आडव्या अडवतात, ही रेघ मात्र सगळ्या खाचांना उभी छेदत जाते. तिच्या दोन्ही कुशींना नळी टेकत नाही, केसाएवढी पोकळी राहते आणि पाणी निप्पलच्या तोंडापासून त्या पोकळीतून शिस्तीत वर सरकून नळीच्या काठाशी बाहेर पडतं. नवी मऊ नळी रेघेला मिठीत घेते, म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही. नळी कडक झाली की वाट मोकळी.

तुमच्या नळीवरचा तो सपाट पट्टा आणि निप्पलवरची उठून दिसणारी शिवण एकाच बाजूला होती का, पाहता येईल?

निळीखाडी
चिरलेली नळी परत धरून पाहिली. नेमकी एकाच बाजूला. स्क्रूच्या पेटीच्या बरोबर खाली.

आटेदार
वा! गळती पकडली ती अशी. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कानसकरवत
मग आता काम सोपं. शिवण कानशीने नको, कानस खोल जाते आणि रेघेच्या जागी खड्डा पाडते. ४०० चा पॉलिश पेपर बोटाएवढा कापा, ओला करा आणि निप्पलभोवती गोल फिरवत घासा, बूट पुसताना फडकं ओढतात तसं. फक्त शिवण जायला हवी, खाचांच्या धारा बोथट करू नका. मग नखाने पुन्हा तपासा. भुकटी धुऊन काढा, ती टाकीत नको. आणि हे निप्पल आट्यांतून सोडवून बाहेर काढून करता आलं तर उत्तम. तेव्हा टेपही नवी लावा. परत बसवताना हाताने घट्ट, मग पान्याने थोडंसं. पिळून बसवलंत तर बल्कहेडचं प्लास्टिक तडकेल.

नळी नवी घ्या. माप निप्पलवरून घ्या, जुन्या नळीवरून नाही, ती पसरलीय. २५ मिमीची नळी १ इंची निप्पलवर, म्हणजे २५.४ वर, जरा कष्टाने चढते आणि ते चांगलंच. उलटं झालं, म्हणजे मोठी नळी बारीक निप्पलवर, तर क्लिपने ती गोल आकसत नाही. तिला एक चुणी पडते आणि चुणीतून पाणी जातं. हा खेळ खेळू नका.

लांबी मोकळी ठेवा. निप्पलखाली निदान वीतभर नळी सरळ उतरू द्या आणि वळण त्यानंतर. वळणाआधी फळीला एक पाइप-पट्टी ठोका म्हणजे नळीचं वजन जोडावर येणार नाही. टोक काटकोनात कापा. कात्रीने दबून तिरकं होतं, धारदार पातं घ्या. मग टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि निप्पलवर शेवटच्या खाचेच्याही वर, डोक्याला टेकेपर्यंत ढकला. साबण नको. व्हॅसलीनही नको, ते पुढे कधी गॅस्केटच्या रबराला लागलं तर रबर फुगवतं.

पाणवठा
क्लिपा दोन लावा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. एकीचं चपटं तोंड दुसरीने झाकलं जातं. दोन्ही खाचांवर बसल्या पाहिजेत. नळीच्या अगदी काठावर नको आणि निप्पलच्या तोंडाखालीही नको, तिथे आत काही नसतं, नळी नुसती चिमटते. बिनचिरांचा पट्टा असलेली मिळाली तर घ्या.

खाऱ्या पाण्यात एक कुरापत आणखी असते. स्टेनलेस म्हणून घेतलेल्या क्लिपचा पट्टा स्टेनलेस असतो, स्क्रू साधा. तो गंजतो आणि ऐन वेळी फिरत नाही. तुमचा स्क्रू "पुढे फिरेनासा" झाला तो पट्टा संपला म्हणून की गंजला म्हणून, बघून घ्या. ३१६ दर्जाची मिळाली तर सोनं, नाहीतर प्लास्टिकची दातेरी क्लिप. इतक्या कमी दाबाला ती पुरते.

मीठभाकर
आणि निप्पलही बदलायचं झालं तर पितळेचं, मोह झाला तरी, नको. पितळेतलं तांबं विरघळलं की प्रवाळ आणि कोळंबी दोन्ही जातात.

निळीखाडी
झालं! शिवण घासली, टेप नवी, नळी वीतभर सरळ उतरवून मग वळवली, दोन क्लिपा उलटसुलट. क्लिपा बेताच्याच आवळल्या, आणि गंमत म्हणजे त्या न लावताही एक थेंब आला नव्हता. टिश्यू दोन्ही कोरड्या.

कानसकरवत
छान. एक परीक्षा बाकी. बॉल व्हॉल्व्ह हळूहळू आणखी बंद करा, पेटीतलं पाणी चढून आणीबाणीच्या नळीत पडू लागेपर्यंत. जोडावर जास्तीत जास्त दाब तेव्हाच येतो. तासभर तसंच ठेवून टिश्यू बघा, मग व्हॉल्व्ह पूर्वीच्या जागी आणा. आणीबाणीची नळी खरंच चालते का, तेही कळेल. कोरड्या नळीत गोगलगाय जाऊन बसलेली असू शकते.

निळीखाडी
कोरडी! म्हणजे टिश्यू. आणीबाणीच्या नळीत गोगलगाय नव्हती, पण शेवाळाचा बोळा होता. काढला.

हिरवळ
मी गोड्या पाण्यातली, त्यामुळे मीठ साचण्याचा पुरावा माझ्याकडे नसतो. माझ्याकडेही जोडाखाली ओल असते, पण फक्त चिलर (पाणी गार करणारं यंत्र) चालू असताना. टिश्यू लावली तर दोन्ही एकदमच ओलावतात, वरचीही आणि खालचीही. हे काय असेल?

पाणवठा
हिरवळताई, ते बहुतेक दव आहे, गळती नाही. गार पाण्याच्या नळीवर हवेतली वाफ थिजते. जोडापासून लांब, नळीच्या मधोमध एक टिश्यू बांधा. तीही ओली झाली तर नक्कीच दव. नळीवर फोमचं आवरण चढवा. पण आवरण घालायच्या आधी खात्री करा, नंतर त्याखाली खरी गळती लपेल.

झटपटराव
आता माझाही प्रश्न. हसू नका. मऊ नळीचा हा सगळा जाच नकोच म्हणून मी पूर्ण कडक पीव्हीसी पाइप टाकायच्या विचारात आहे. बल्कहेडपासून संपपर्यंत चिकटवून. काही तोटा?

आटेदार
तोटा एकच, चिकटवलं की चिकटलं. म्हणून बल्कहेडखाली एक युनियन (फिरवून सोडवता येणारा जोड) घाला, म्हणजे पुढे कधी पाइप सोडवता येईल. युनियनला आत ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी असते. तिला टेप लागत नाही आणि पानाही लागत नाही, हाताने आवळायची. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं.

मापं मिसळू नका. १ इंची म्हणून मिळणाऱ्या पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी असतो, मेट्रिकचा ३२. एकाचा पाइप दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये डुगडुगतो आणि सॉल्व्हंट सिमेंट ती फट भरून काढत नाही. ते दोन प्लास्टिकं विरघळवून एक करतं, त्यासाठी ती आधी एकमेकांना भिडलेली हवीत. पाइप घालताना पाव फेरा द्या, अर्धा मिनिट दाबून धरा, आणि पाणी सोडायला २४ तास थांबा.

झटपटराव
२४ तास?

आटेदार
सिलिकॉनला तुम्हीच सांगितले होते.